शिसं कुठून येतं

खडकांची वयं काढणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना ब्लँकताई म्हणत. नावात चेष्टा थोडी होती आणि आदर बराच. चोवीस वर्षं त्या तिथे तंत्रज्ञ होत्या, आणि एवढ्या वर्षांत आपल्या हातून एकही खडक उगाच म्हातारा झाला नाही, असं त्या अभिमानाने सांगत.

काम असं होतं. खडक आला की तो फोडायचा, दळायचा, पाण्यात घोळून हलकी रेती वाहू द्यायची आणि तळाशी राहिलेल्या जड रेतीतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने वेचायचे. कण मिठाच्या दाण्याहून बारीक. झिरकॉनचा स्वभाव असा, की तयार होताना तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला दारातही उभं करत नाही. मग आत कोंडलेलं युरेनियम ठरलेल्या चालीने शिशात बदलत राहतं. वर डोंगर उभा राहो की समुद्र आटो, चाल तीच. चारशे सत्तेचाळीस कोटी वर्षांत निम्मं. म्हणजे आज त्या कणात जे शिसं सापडेल ते सगळं कधीकाळी युरेनियम होतं. दोन्ही मोजायची, गणित करायचं, की खडकाचं वय हातात येतं. शिसं जास्त तर खडक जुना.

अडचण एवढीच, की शिसं जगात सगळीकडे आहे. भिंतीच्या रंगात, रस्त्याच्या धुळीत, माणसाच्या बुटाला, माणसाच्या अंगावर. त्यातलं चिमूटभर काय, चिमटीच्या कोट्यवधीव्या भागाइतकं जरी कुपीत पडलं, तरी खडक बसल्या जागी काही कोटी वर्षांनी म्हातारा होतो. म्हणून प्रयोगशाळेच्या आत आणखी एक खोली होती, गाळलेल्या हवेची. तिथे जाताना बूट बाहेर, पांढरा अंगरखा, हातमोजे, आणि डोक्यावरून मानेपर्यंत येणारी टोपी. त्या खोलीचा कारभार ताईंकडे होता.

आणि ब्लँक म्हणजे खडकाशिवाय केलेलं सगळं काम. रिकाम्या कुपीत आम्ल घालायचं, ती भट्टीत ठेवायची, आतलं गाळून घ्यायचं, मशीनला द्यायचं, जणू आत कण आहेच. उत्तर शून्य यायला हवं. शून्य कधीच येत नाही. जे येतं तो त्या खोलीचा मळ. तेवढा मग खऱ्या मोजणीतून वजा करतात. ताईंचा ब्लँक होता एक पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. अकरा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नेऊन मोजून आणला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक गणितात तोच एक वजा होत आला होता. ताईंच्या आईला हे सगळं कधीच पटलं नाही. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की ती सांगायची, रिकाम्या बाटल्या धुते.

प्रयोगशाळेचे संचालक म्हणजे सर. एकोणसाठ वर्षांचे, उंच, बोलायला गोड आणि कामाला खरोखर हुशार. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका टेकडीवरचा करडा खडक मोजला आणि तो तीनशे बासष्ट कोटी वर्षांचा निघाला. देशातला सर्वांत जुना. त्याआधी हा मान दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या खडकाकडे होता, तो तीनशे साठ कोटींचा. दोन कोटींनी बाजी मारली. सरांच्या टेबलावर त्या खडकाचा मुठीएवढा तुकडा काचेखाली ठेवलेला असे, आणि पाहुण्यांना ते सांगत, "माझ्यापेक्षा थोडा मोठा आहे." पाहुणे हसत, आणि त्यातला कोणीतरी सरांच्या काळ्याभोर केसांकडे बघून म्हणे, की तुमचं वयही काही दिसत नाही. सर मान हलवत. आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत, असं ते अगदी शास्त्रीय आवाजात सांगत.

खडक मोजल्याला चार वर्षं झाली तेव्हा नवं मशीन आलं. जुन्याची नजर अधू होती. पन्नास पिकोग्रॅमच्या खालचं सगळं त्याला सारखंच दिसे. नव्याला एकेक अणू दिसत होता. मशीन सांभाळणाऱ्या इंजिनियरने पहिली मोजणी म्हणून ताईंचा ब्लँक लावला, कारण त्याच्याइतकी खात्रीची वस्तू इमारतीत दुसरी नव्हती. आकडा आला चाळीस.

इंजिनियरला वाटलं मशीन बिघडलं. त्याने ते पुन्हा जुळवलं. एकोणचाळीस आले. ताईंनी पुढचे आठ दिवस काही न खाता-पिता काढले म्हटलं तरी चालेल. सगळ्या कुप्या तीनदा आम्लात उकळल्या, आम्ल नवं आणलं, हवेच्या जाळ्या बदलल्या. चव्वेचाळीस.

मग सरांची परिपत्रकं सुरू झाली. पहिल्यात काजळ, पावडर, नखांचा रंग बंद. दुसऱ्यात बांगड्या आणि अंगठ्या बंद. तिसऱ्यात पहारेकऱ्याची सायकल दारापासून वीस पावलं लांब. चौथं निघालं आणि खिडक्यांच्या चौकटींचा रंग खरवडला गेला, ती धूळ बसायला आठवडा लागला आणि ब्लँक साठावर गेला. सर स्वतः रोज सकाळी आत येत. टोपीने त्यांचा चष्मा वाकडा व्हायचा, म्हणून ती मागे सारून ते ताईंच्या मेजावर वाकत, कुप्यांमध्ये डोकावत आणि चिंतेने विचारत, "काय म्हणतंय शिसं?"

ताईंनी वेगळी वहीच उघडली. भिंतीचा रंग, बुटांचे तळवे, रस्त्यावरची धूळ, लादी पुसायचं पाणी, हातमोज्यांची भुकटी, स्वतःची थुंकी, सगळ्याचे नमुने मोजले. नव्या मशीनची एक सोय अशी, की त्याला शिशाचा चेहरा ओळखता यायचा. शिशाचे अणू चार वजनांचे असतात आणि खाणीखाणीत त्यांचं प्रमाण वेगळं. रस्त्यावरच्या धुळीचं शिसं निराळं, रंगाचं निराळं. ब्लँकमधलं यांतल्या कशाशीच जुळत नव्हतं. खोलीत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आणि माणसाचा नमुना वहीत होता, सर सोडून. ते हुकूम काढत होते, आणि हुकूम काढणाऱ्याला तपासायचं असतं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, ताईंच्याही नाही.

तिसऱ्या महिन्याच्या बैठकीत सरांनी विषय काढला. सगळ्यांसमोरच, पण फार हळुवारपणे. ते म्हणाले, की दोष कोणाचा नाही, पण पन्नाशी उलटली की हात थोडा हलतो, आणि हात हलला की हातमोजा कुपीच्या काठाला लागतो. हे मान्य करण्यात कमीपणा नसतो. वय कोणाला चुकलंय, असंही म्हणाले. ताई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी मेजाखाली आपला हात दुसऱ्या हाताने धरला आणि तो हलतोय का ते बघितलं. त्या क्षणी तो हलत होता.

ताई आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहत. वर घर, खाली धाकटीचं केस कापायचं दुकान. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिचा एक केस पांढरा नव्हता. ते मात्र खरंच घराण्यात होतं. ताईंची वेणीही तशीच काळी. आई दिवसभर दुकानात खिडकीशी बसायची आणि नवी गिऱ्हाइकं तिच्याकडे बोट दाखवून म्हणायची, आजींना लावलाय तोच रंग द्या. धाकटी त्यांचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नसे.

एके दिवशी ताई चष्मा घरी विसरल्या आणि धाकटी तो द्यायला प्रयोगशाळेत आली. व्हरांड्यात उभी असताना सर टोपी काढत बाहेर आले, बोटांनी केस सारखे केले, तिची चौकशी केली, आणि गेले. धाकटी त्यांच्या पाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. चष्मा देऊन ती परत गेली.

संध्याकाळी ताई दुकानात शिरल्या तेव्हा ती कात्र्या पुसत होती.

"तुझ्या सरांना ते लोशन कोण देतं गं?" तिने विचारलं.

"कसलं लोशन?"

"केसांचं. रोज सकाळी लावतात ते."

ताईंनी तिला घराण्याची गोष्ट सांगितली. धाकटी हसलीसुद्धा नाही.

"ताई, तू खडक ओळखतेस, मी केस ओळखते. कानाच्या वर नीट बघ त्यांच्या. काळ्याखाली पिवळट झाक आहे, आणि चमक मेलेली. आईचे बघ आणि त्यांचे बघ. तो रंग नसतोच मुळी. काहीतरी धातू असतो, तो रोज थोडाथोडा केसावर चढत जातो. म्हणून तर आज रंगवले असं कोणाला कधी दिसत नाही."

"कुठला धातू?"

ते धाकटीला ठाऊक नव्हतं. असं लोशन बाजारात एकाच कंपनीचं मिळायचं; एक गिऱ्हाईक त्याची बाटली विसरून गेलं होतं, ती मागच्या कपाटात पडून होती. तिने ती शोधून आणली. चिठ्ठीवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. ताईंनी चष्मा कपाळावर ढकलला, बाटली डोळ्यांजवळ नेली आणि वाचलं. पाणी, गंधक, ग्लिसरीन, लेड ॲसिटेट, म्हणजे शिशाचा क्षार.

ताई गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या. समोर आरसा होता. प्रथम त्यांना एवढंच वाटलं, की माझा हात हलत नाही. मग हसू आलं. मग राग आला, आणि तो चांगला मोठा होता. आणि सगळ्यात शेवटी भीती वाटली, कारण ही गोष्ट आता कोणीतरी सरांना सांगायला हवी होती, आणि आसपास दुसरं कोणी दिसत नव्हतं.

पण ताई मोजणाऱ्या बाई होत्या. नुसत्या धाकटीच्या नजरेच्या भरवशावर त्यांनी कोणावर आरोप केला नाही. त्यांनी वाट पाहिली. पुढच्या महिन्यात सर बारा दिवस परिषदेला गेले. खडकातल्या शिशावरच भाषण होतं. ते गेल्यावर ताईंनी खोली धुऊन काढली आणि रोज एक ब्लँक लावला. सव्वीस, अकरा, पाच, दोन. आठव्या दिवशी एक. इंजिनियरने विचारलं, काय केलंत? ताई म्हणाल्या, काही नाही, खोलीला जरा विश्रांती मिळाली. तेराव्या दिवशी सर आले, टोपी मागे सारून मेजावर वाकले, आणि म्हणाले, "वा, एकावर आला म्हणे." त्या दुपारचा ब्लँक सदतीस होता.

मग ताईंनी एक गोष्ट केली, जिची त्यांना पुढे बरेच दिवस टोचणी लागली. सरांच्या टोपीच्या आत अडकलेला एक केस त्यांनी न विचारता घेतला, आम्लात विरघळवला आणि 'नमुना सतरा' एवढंच लिहून मशीनला दिला. सोबत धाकटीच्या बाटलीतला थेंबही, हजारदा पातळ करून. इंजिनियरने सतरा नंबर लावला आणि घाईघाईने मशीन बंद केलं. एवढं शिसं त्याच्या नाजूक यंत्राला झेपणारं नव्हतं.

"ही कुठली खाण?" त्याने विचारलं.

"चालू आहे अजून," ताई म्हणाल्या.

पातळ करून पुन्हा मोजल्यावर केस, थेंब आणि ब्लँक, तिघांचे चेहरे एक निघाले. तिसऱ्या दशांशापर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. कसं सांगायचं याची तयारी घरी आरशासमोर केली होती, ती उंबऱ्याबाहेरच राहिली. त्यांनी फक्त आलेख टेबलावर ठेवला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर ब्लँक. मध्ये बारा दिवसांचा खड्डा.

सर खरे शास्त्रज्ञ होते. त्यांनी खड्ड्याच्या दोन्ही टोकांच्या तारखा बघितल्या आणि त्यांना कळलं, की खोलीतून बारा दिवस कोण नव्हतं. मग त्यांनी दुसरा कागद बघितला, तीन चेहऱ्यांचा. खालच्या रांगेत लिहिलं होतं, 'नमुना १७, केस'. त्यांचा हात डोक्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"केसात? हजारात दोन भाग."

"बरंच आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या चांगल्या खनिजाबद्दल बोलावं तसा होता. मग म्हणाले, "सहा वर्षं झाली. मुलीच्या लग्नाचे फोटो बघितले आणि वाटलं, हा मागे उभा असलेला म्हातारा कोण."

सर पुन्हा कागदाकडे वळले, आणि मग त्यांची नजर काचेखालच्या तुकड्यावर गेली. चेहरा उतरला तो तेव्हा.

"आपण तेव्हा एक वजा केला होता," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि होते चाळीस."

"त्याच्या आसपास."

त्यांनी ताईंना थांबायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. कागद ओढला आणि गणित करायला बसले. चार वर्षांपूर्वीचे सगळे आकडे त्यांना पाठ होते. अर्ध्या तासाने त्यांनी पेन खाली ठेवलं. खडक तीनशे एकोणसाठ कोटींचा होता. देशातला दुसऱ्या नंबरचा जुना. सरांच्या सकाळच्या दोन थेंबांनी त्याचं वय तीन कोटी वर्षांनी वाढवलं होतं, आणि ते थेंब सरांनी लावले होते स्वतःचं वीस वर्षांनी कमी दिसावं म्हणून.

सरांच्या मोठेपणाबद्दल मात्र बोलायलाच हवं. त्यांनी काही दडपलं नाही. उरलेले कण स्वच्छ खोलीत नव्याने मोजून घेतले, उत्तर तेच आलं, आणि ज्या पत्रिकेत पहिला लेख छापून आला होता तिथे दुरुस्ती पाठवली. आपला खडक सर्वांत जुना नाही, असं स्वतःहून लिहायला छाती लागते. ताईंनी मसुदा वाचला. कारणाच्या जागी एक वाक्य होतं: 'प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याच्या केसांना लावलेल्या द्रव्यातून शिसे आले.' ताईंचं बोट तिथे थांबलेलं सरांनी बघितलं. विज्ञानाला नावाशी काय करायचंय, ते म्हणाले. ताईंना ते अर्धवट पटलं, आणि उरलेलं अर्धं त्यांनी गिळलं. सरांनी खोलीत येणं बंद केलं आणि लोशन बदललं. शिशाचं नसलेलं आणलं आणि एक थेंब ताईंकडे तपासायला दिला. तो स्वच्छ निघाला. ब्लँक एकावर आला आणि तिथेच राहिला.

दुरुस्ती छापून आली. सरांच्या प्रामाणिकपणाचं सगळीकडून कौतुक झालं. पत्रं आली. आणि त्याबरोबर लोक 'एका कर्मचाऱ्या'चा शोध घेऊ लागले, जो त्यांना फार लांबवर घ्यावा लागला नाही. प्रयोगशाळेत स्वच्छ खोलीत रोज जाणारी, पन्नाशी उलटलेली, आणि तरी डोक्यावर एकही पांढरा केस नसलेली बाई एकच होती. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी ताईंना प्रेमाने पत्र लिहिलं, की मनाला लावून घेऊ नका, आपल्या बायकांना हे सगळं करावंच लागतं. पहारेकऱ्याने सायकल पुन्हा दाराशी लावली आणि ताईंकडे बघून न बघितल्यासारखं केलं. वरच्या कार्यालयातून संबंधित कर्मचाऱ्याने लेखी खुलासा करावा असं पत्र आलं, ते कारकुनाने न विचारता ताईंच्या मेजावर ठेवलं.

पाठोपाठ तिघांची चौकशी समिती आली. सकाळी त्यांनी अंगरखे घालून स्वच्छ खोली पाहिली आणि दुपारी बैठकीच्या खोलीत बसले. सर त्यांच्या शेजारी. अध्यक्षांनी ताईंना बसायला सांगितलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, की हे द्रव्य त्या किती दिवस वापरत होत्या.

ताई म्हणाल्या, त्या काहीच वापरत नाहीत. अध्यक्ष समजूतदार हसले. ते म्हणाले, यात लाजण्यासारखं काही नाही.

"लाजत नाही साहेब. मोजून घ्या," ताई म्हणाल्या. त्यांनी वेणीतून एक केस उपटला आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर ठेवला. "उद्या सकाळी उत्तर मिळेल. पण नियम सगळ्यांना सारखा असावा. त्या खोलीत जो जो गेला त्याने एकेक केस द्यावा. आज सकाळी आपणही गेला होतात."

अध्यक्षांचे केसही काळेच होते. कानाच्या वर पिवळट झाक होती की नाही, हे सांगायला धाकटी तिथे नव्हती. पण अध्यक्ष एकदम घड्याळाकडे बघू लागले, आणि दुसरे सदस्य, ज्यांना टक्कल होतं, ते उगीचच आरामात मागे टेकून बसले.

तेव्हा सर उभे राहिले.

"केस माझा आहे," ते म्हणाले. "नमुना सतरा. ताईंचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांनी शोधून काढलं नसतं तर अजूनही आपण चुकीचंच मोजत बसलो असतो."

हे बोलायला त्यांना फार कष्ट पडले, हे सगळ्यांना दिसलं. ताईंना वाटलं, संपलं एकदाचं. पण अध्यक्षांनी हात वर केला. ते म्हणाले, की सरांसारखा माणूस आपल्या हाताखालच्यांसाठी अशी जबाबदारी अंगावर घेतो हे त्यांच्या मोठेपणाला साजेसंच आहे. मात्र समितीचं काम कोणाच्या खासगी गोष्टीत शिरणं नाही. कागदावरचा ताईंचा केस त्यांनी फुंकर मारून खाली पाडला. आठवड्यात अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: शिशाचा स्रोत बंद झाला आहे, संबंधित कर्मचाऱ्यास समज दिली आहे.

सर त्या दिवशी पहिल्यांदा खरे चिडले. त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं; प्रकरण बंद झालं आहे असं उत्तर आलं. मग त्यांनी पत्रिकेला दुसरी दुरुस्ती पाठवली, एकाच ओळीची, स्वतःचं नाव घालून. संपादकांनी नम्रपणे कळवलं, की शिशाचा स्रोत कोणाच्या डोक्यावर होता याला वैज्ञानिक महत्त्व नाही. सरांनी ते पत्र ताईंना दाखवलं. हे वाक्य आपलंच आहे, हे सरांना ओळखू आलं होतं.

मग त्यांनी आपल्या हातात उरलं होतं तेवढं केलं. नवी बाटली फेकून दिली. मुळाशी बोटभर पांढरं दिसायला लागलं, मग दोन बोटं. दोन महिने ते अर्धे काळे, अर्धे पांढरे असे सगळ्यांसमोर वावरले, आणि मग एक दिवस धाकटीच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसले. धाकटीने उरलेला काळा भाग कापून टाकला. खिडकीशी बसलेल्या आईने त्यांना निरखलं आणि ताईंना नंतर म्हणाली, तुझे सर बरे दिसतात की, आधी कोण होते?

निवृत्तीला आठवडा राहिला असताना सर स्वच्छ खोलीत आले. टोपी मानेपर्यंत ओढलेली, नाड्या बांधलेल्या, चष्मा वाकडा. एक ब्लँक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचाय, म्हणाले. इतक्या वर्षांत कधी बघितला नाही. ताईंनी कुपी घेतली आणि आम्लाचे थेंब सोडायला सुरुवात केली. सर हात मागे बांधून तीन पावलं लांब उभे होते. बराच वेळ गेला.

"तुमचा हात अजिबात हलत नाही," ते म्हणाले.

"कधीच हलत नव्हता, सर."

"हो," सर म्हणाले. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो. आज इथे आपण दोघंच आहोत, हे मला कळतंय."

ताईंनी पुढचा थेंब सोडला. त्यांना बरंच काही बोलता आलं असतं, आणि त्यातलं काही त्यांनी गेले सहा महिने मनात घोळवलंही होतं. पण टोपीत घामाघूम झालेला, चष्मा सावरायलाही हात न उचलणारा माणूस समोर उभा होता. "थोडं मागे सरा," त्या एवढंच म्हणाल्या, "तिथे वरून गार हवा येते."

निरोपसमारंभात मात्र सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. भाषणात म्हणाले, की माझ्या केसांनी माझा खडक म्हातारा केला आणि ताईंनी त्याला त्याचं खरं वय परत दिलं. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. सरांना विनोद चांगला जमतो हे सगळ्यांना माहीतच होतं. मागच्या रांगेत कोणीतरी शेजारच्याला हळूच सांगत होतं, की बघा, खडकाचा मान गेला त्या धक्क्याने बिचाऱ्यांचे केस वर्षात पांढरे झाले. आणि ती बाई, जिच्यामुळे हे झालं, ती अजून रंगवतेच आहे.

हे इंजिनियरच्या कानावर पडलं आणि त्याने ते ताईंपर्यंत पोचवलं. ताई चहाचा कप हातात घेऊन इतक्या हसल्या, की त्यांना कप खाली ठेवावा लागला.

बाहेर पडताना दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या त्या पत्रवाल्या बाई भेटल्या. त्यांच्या खडकाला पहिला नंबर परत मिळाला होता आणि त्या खूश होत्या. त्यांनी ताईंना बाजूला घेतलं, पर्समधून एक लहानसं खोकं काढलं आणि हातात ठेवलं. वनस्पतीचा रंग आहे, त्या म्हणाल्या, मी हाच लावते, यात शिसं नाही. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. बाई मनापासून बोलत होत्या. ताईंनी आभार मानले आणि खोकं पिशवीत टाकलं.

सोमवारी त्यांनी त्यातली चिमूटभर पूड आम्लात विरघळवून मशीनला दिली. शिसं खरंच नव्हतं. खोकं त्यांनी धाकटीला दिलं, आणि धाकटी म्हणाली की माल चांगला आहे, बाईंना विचार, कुठून आणतात.